वारीची व्यवस्था आणि घराणी

हल्ली चारधामच्या बसगाड्या गावोगाव येतात. आजोबानं सुरू केलेली ट्रॅव्हल कंपनी नातू चालवतो, अशी पाटी वाचली की लोक कौतुक करतात. करावंच. पण आपल्याकडे हे काम तीनशे वर्षांपासून घराण्यांनी धरलेलं आहे, ते कोणी पाटीवर लिहीत नाही.

वारी त्याच्याही आधीची. पण पालखी सुरू केली ती तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी, 1685 साली. देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला माउलींच्या घ्यायच्या आणि एकाच पालखीतून पंढरपूर गाठायचं. पुढे छत्रपतींकडून देहू, येलवाडी, किन्हई ही गावं इनाम मिळाली. इनाम आलं, घर वाढलं, मग वाटणीवरून भाऊबंदकीही आली. आमचं म्हणणं, बांधावरून भांडणारे आपण सगळे, त्यांना काय नावं ठेवायची?

मग पुढं आले हैबतबाबा. सातारकडच्या आरफळचे पवार, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या चाकरीत होते. माणसं चालवायची कशी, तळ टाकायचा कसा, हे लष्करात पाहिलेलं. त्यांनी माउलींची पालखी वेगळी काढली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला. कोणती दिंडी रथापुढं, कोणती मागं, हेही बांधून दिलं. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरची वाट, पावसाचे दिवस. शिस्त नसती तर काय झालं असतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. पुढे 1852 साली सरकारनं आळंदीला पंच नेमले, तरी घराण्यांची सेवा सुटली नाही. आरफळकर आजही सोहळ्याचे मालक. शितोळ्यांचे अश्व आजही अंकलीहून पायी येतात. रथाच्या बैलांचा मान आळंदीच्या ठराविक घराण्यांत पाळीनं फिरतो. हैबतबाबांची समाधी मात्र देवळाच्या पायरीला. माउलींकडे जाणारा पहिला त्यांना नमस्कार करतो.

आमची दिंडी या मानानं लहान. शंभर वर्षं झाली, चालकपण एकाच घरात, चौथी पिढी. आमच्या लहानपणी जो तो आपला शिधा पडशीत बांधून निघायचा. सामानाला एक बैलगाडी. मुक्कामाला ओळखीचं घर नाहीतर झाडाचा आसरा. नंतर भिशी आली, ट्रक आला, राहुट्या आल्या, पाण्याचा टँकर आला. काही म्हातारी माणसं कुरकुरली, पण तीच माणसं पाऊस आला की राहुटीत आधी शिरायची.

आता प्रश्न पाचव्या पिढीचा आहे. चालकांची दोन्ही मुलं पुण्याला नोकरीला, आषाढात रजा मिळत नाही. बैठकीत काहींनी म्हटलं, मान घराबाहेर जाऊ नये. आम्ही बोललो ते असं, की मान घराचा असेल, पण चूल सगळ्या दिंडीची आहे. दोनशे माणूस वाटेवर उपाशी राहिला तर घराणं सांगून पोट भरत नाही. यावर बराच वाद झाला, एकदोन जण उठूनही गेले.

शेवटी चालकांच्या सूनबाईंनी वही मागून घेतली. भिशीची जमा, ट्रकचं भाडं, गॅसच्या टाक्या, सगळं त्या लिहितात. मुक्कामाच्या जागा वैशाखातच फोनवर ठरवतात. विण्याचा मान अजून पूर्वीच्याच घरी आहे. चालकपणाचं यंदाच्या कार्तिकीला ठरायचं आहे.