बदकं पाळायची तर आधी रात्रीचं खुराडं, मग तळं

कागल : दूधगंगा, वेदगंगा आणि चिकोत्रा या नद्यांच्या काठावरच्या मळ्यांत विहीर, पाट किंवा शेततळे असतेच. त्यामुळे पोरांच्या हट्टापायी म्हणा किंवा घरच्या अंड्यांसाठी म्हणा, चार-दोन बदकं आणून सोडली जातात. बदक म्हणजे पाण्यातला पक्षी, तळं केलं की काम झालं, असा समज असतो. पण घरगुती बदकं जातात ती बहुधा रात्री, आणि तीही उघड्यावर राहिल्यामुळे. बदक कोंबडीसारखं झाडावर चढून बसत नाही, जमिनीवरच झोपतं. भटकी कुत्री, मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांना ते सहज सापडतं. म्हणून पैसे आधी खुराड्यावर घालावेत, तळ्यावर नंतर.

कोणती बदकं आणावीत?

अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल ही जात नावाजलेली आहे. चांगल्या संगोपनात ती वर्षाला २५० ते ३०० अंडी देते. इंडियन रनर उभ्या चालीचं, चपळ बदक आहे. पांढरं व जड व्हाइट पेकिन मुख्यतः मांसासाठी पाळतात. तोंडावर लाल गाठी असलेलं मस्कोव्ही शांत असतं, पण ते उडतं. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे केंद्र सरकारच्या केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचं बदक पैदास केंद्र आहे.

एकटं बदक पाळू नये, ते झुरतं. निदान तीन तरी असावीत. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरे. नर जास्त झाले की माद्यांची मान व पाठ जखमी होते. मस्कोव्ही सोडलं तर मोठ्या नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली असतात आणि त्याचा आवाज घोगरा, दबका असतो. मोठ्यानं ओरडते ती मादी.

रात्रीचा निवारा

खुराड्यात एका बदकामागे ३ ते ४ चौरस फूट जागा धरावी. सहा बदकांना ६ फूट बाय ४ फूट जागा पुरते. जाळी घेताना फसू नये. बाजारातली पातळ षटकोनी जाळी कोंबड्या आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्डमेश जाळी वापरावी. मुंगूस जमीन उकरून आत शिरतो, म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडावी. ते जमत नसेल तर बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर दगड ठेवावेत. खाली कोबा किंवा फरशी असली तर उत्तम. दाराला नुसती आकडी नको, कडी आणि खिट्टी दोन्ही हवं.

हवा खेळण्यासाठी वरच्या बाजूला जाळी मोकळी ठेवावी. बदकाची विष्ठा पातळ असते, कोंडलेल्या शेडमध्ये वास कोंदतो आणि पक्ष्यांना श्वासाचा त्रास होतो. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरावा. आपल्याकडे उसाचं पाचट फुकट मिळतं, पण भिजून बुरशी आलेलं पाचट अजिबात वापरू नये. त्या बुरशीनं फुफ्फुसाचा आजार होतो. ओली झालेली जागा रोज काढून कोरडं अंथरूण टाकावं.

रात्री खुराड्यात खाद्य ठेवलं तर पाणीही ठेवलंच पाहिजे. नाहीतर दोन्ही बाहेर काढावं. बदकं बहुतेक अंडी पहाटे ते सकाळच्या वेळेत घालतात. म्हणून आठ-साडेआठपर्यंत कोंडून ठेवली तर अंडी खुराड्यातच मिळतात, तळ्याच्या गाळात शोधावी लागत नाहीत.

ऊसतोड सुरू झाली की फडात दडलेली जनावरं वस्तीकडे सरकतात. त्या दिवसांत संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी दार लावावं.

तळं किती मोठं?

पाच-सहा बदकांना ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि दीड फूट खोल हौद चालतो. त्यात सुमारे एक हजार लिटर पाणी मावतं. एका बाजूनं विटांचा किंवा खडबडीत उतार करावा. खाली पाणी सोडायला नळी ठेवली की घाण पाणी केळीला किंवा गवताला देता येतं, खताचं काम होतं. पाणी दोन-चार दिवसांनी बदलावं. एवढी जागा नसेल तर निदान डोकं पूर्ण बुडेल एवढं खोल भांडं रोज भरून ठेवावं. डोळे आणि नाकपुड्या धुतल्याशिवाय बदक निरोगी राहत नाही.

प्लॅस्टिक कागद घातलेल्या शेततळ्यात बदकं सोडताना मोठा धोका लक्षात घ्यावा. कागद निसरडा असतो. आत गेलेल्या बदकाला बाहेर चढता येत नाही आणि त्याच्यामागं धावलेल्या पोराला तर मुळीच नाही. अशा तळ्याला कुंपण, कुलूपबंद फाटक आणि काठापासून तळापर्यंत गाठी मारलेला दोर हवाच. हे नसेल तर तिथं बदकं सोडूच नयेत. शेततळ्यात मासे असतील तर बोटभर लांबीची पिल्लं बदकं गिळतात, हेही ध्यानात ठेवावं.

तणनाशक मारलेल्या उसातलं पाणी तळ्यात येऊ देऊ नये. उंदराचं विष ठेवलेल्या रानात बदकं फिरवू नयेत. मात्र ओढ्याकाठी चरणारी बदकं गोगलगायी खातात. जनावरांच्या यकृतातील चपट्या कृमींचा प्रसार गोगलगायींतून होतो, त्यामुळे गायी-म्हशींनाही त्याचा फायदा होतो.

पिल्लं आणि खाद्य

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करत जावं. आईशिवाय वाढणारी पिल्लं तीन-चार आठवडे पोहायला सोडू नयेत. त्यांच्या पिसांवर पुरेसं तेल नसतं, ती भिजून गारठतात.

खाद्य ओलसर करून द्यावं आणि शेजारी पाणी ठेवावं, कोरडा भरडा चोचीत अडकतो. मोठ्यांना तांदळाची कणी, कोंडा, भरडलेला मका, पालेभाजी चालते. पाव, फरसाण देऊ नये. बुरशी लागलेला मका किंवा शेंगपेंड म्हणजे बदकाला विषच. त्यातलं अफ्लाटॉक्सिन कोंबडीपेक्षा बदकाला लवकर मारतं.

आजार, पूर आणि रानबदकं

डक प्लेग व कॉलरा हे मोठे आजार. लसीबाबत पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावं. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला. बदकांत हा विषाणू लक्षणं न दाखवताही राहू शकतो, म्हणून कोंबड्या आणि बदकं एकत्र ठेवू नयेत. अचानक मरतूक झाली तर मेलेले पक्षी ओढ्यात न टाकता दवाखान्याला कळवावं.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी नदीकाठाला धडा दिला आहे. बदक पोहतं, पण कुलूप लावलेल्या खुराड्यात पाणी शिरलं तर तेही बुडतं. खुराडं पुराच्या खुणेच्या वर बांधावं आणि पाणी वाढू लागलं की पक्षी आधी हलवावेत.

तळ्यांवर येणारी हळदी-कुंकू, अडई ही रानबदकं पकडणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. पाळीव बदकंही कागलच्या जयसिंगराव तलावात किंवा मुरगूडच्या सर पिराजीराव तलावात नेऊन सोडू नयेत.

बदक उचलताना पाय किंवा मान धरू नये, पाय नाजूक असतात. दोन्ही पंख अंगाला दाबून उचलावं. आणि रोज संध्याकाळी दार लावताना बदकं मोजावीत. एक कमी असेल तर ते अंधार पडायच्या आधी शोधायचं असतं, सकाळी नुसती पिसं सापडतात.