ताम्हिणी : वन, देवराई आणि संवर्धनकार्य

ताम्हिणी : पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील गाव, घाट व वनक्षेत्र. मुळशी जलाशयाच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले. पौडकडून येणारा रस्ता येथून विळे–निजामपूरमार्गे माणगावला उतरतो. उत्तर सह्याद्रीत सदाहरित जंगलाचे जे तुकडे शिल्लक आहेत, त्यांत या परिसराची गणना होते.

पाऊस : महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. २५ जुलै २०२४ रोजी येथे २४ तासांत ५५६ मिमी पाऊस नोंदला गेला. एवढा पाऊस पुणे शहरात पडायला जवळजवळ सारा पावसाळा लागतो. मात्र ऑक्टोबरनंतर सात-आठ महिने कोरडे जातात. केरळच्या घाटात पाऊस अधिक महिन्यांत विभागून पडतो, तसा येथे पडत नाही. या दीर्घ कोरड्या काळामुळे येथील वनाला वर्षावन म्हणावे की निमसदाहरित वन, याबाबत अभ्यासकांत एकवाक्यता नाही.

वनस्पती : माथ्यावरील जंगलात अंजनी, जांभूळ व पिसा ही मुख्य झाडे. हिरडा, बेहडा, आंबा, उंबर, कुंभा त्यांच्या जोडीला. उतारांवर कारवीचे रान. ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि बी धरून वाळते. अंजनीचे झाड फार उंच होत नाही, पण त्याची दाट, गर्द पाने जमिनीवर ऊन पोचू देत नाहीत आणि खालची माती उन्हाळ्यातही ओलसर राहते. सावलीत वाढणारी जांभळाची, पिशाची रोपे याच ओलीवर तगतात. वरचे छत्र एकदा तुटले की तेथे रानमोडीचे तण व गवत शिरते, मागोमाग वणवा येतो, आणि तो तुकडा पुन्हा सदाहरित होण्यास अनेक दशके लागतात. ताम्हिणीतील संवर्धनाच्या सर्व प्रश्नांचे मूळ येथे आहे.

देवराई : ताम्हिणी गावाची देवता विंझाई. तिच्या देवळाभोवतीची राई परिसरात प्रसिद्ध आहे. घाटमाथ्यावरील देवरायांचा नियम साधा व कडक असे : झाडावर कोयता चालवायचा नाही, वठलेले खोडही घरी न्यायचे नाही. देवळाच्याच कामाला लाकूड हवे असेल तर आधी देवीला कौल लावायचा. याचा परिणाम राईत शिरताच दिसतो. मोडून पडलेले खोड जागीच कुजते, त्यावर शेवाळ व अळंबी चढते, पालापाचोळ्याचा थर पायाखाली दबतो आणि त्याखालची माती काळी, भुसभुशीत असते. बाहेरच्या उघड्या उतारावर त्याच पावसाने मुरमाड दगड उघडा पडलेला असतो. गारंबीसारख्या महावेली वाढायला पिढ्यान्‌पिढ्या अबाधित राहिलेले जंगल लागते, म्हणून या पट्ट्यात त्या मुख्यतः देवरायांतच आढळतात.

महाराष्ट्रातील देवरायांची शास्त्रीय पाहणी वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सुरू केली. वर्तक हे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील (आजची आघारकर संशोधन संस्था) वनस्पतिशास्त्रज्ञ. या दोघांच्या १९८१ च्या सूचीत राज्यातील २३३ देवराया नोंदल्या गेल्या. १९९० च्या दशकातील पाहणीत हा आकडा सुमारे १,६०० वर गेला. या कामाचे महत्त्व केवळ मोजदादीपुरते नाही. गावकऱ्यांची श्रद्धा ही जंगल राखणारी व्यवस्था आहे, हे त्याने वनखात्याला व विद्यापीठांना दाखवून दिले. देवळांचे जीर्णोद्धार, सिमेंटची अंगणे व सभामंडप यांमुळे अनेक ठिकाणी राई आक्रसली आहे. त्याबद्दल गावागावांत भिन्न मते आहेत.

ऱ्हासाची कारणे : टाटा कंपनीच्या मुळशी धरणाने खोऱ्यातील भातशेती बुडाली (त्याविरुद्ध मुळशी सत्याग्रह, १९२१–२४; नेते सेनापती बापट) आणि काही कुटुंबे उतारांवर सरकली. पुढे मालकी रानांत कोळशाच्या भट्ट्या लागल्या. अलीकडे जमीनविक्री, बंगल्यांचे प्लॉट व पावसाळी पर्यटन.

अभयारण्य : २०१३ मध्ये घोषित, क्षेत्र ४९.६२ चौ. किमी. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा यादीत आली, त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी आहेत, ताम्हिणी नाही.

प्राणिजीवन : शेकरू, भेकर, बिबट्या, शीळकरी कस्तुर.

संस्थात्मक कार्य व लोकप्रशिक्षण : सह्याद्रीत गावकऱ्यांच्या सहभागाने जंगल राखण्याच्या कामाचा चांगला नमुना म्हणजे पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनचे (संस्थापक अर्चना गोडबोले) रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर भागातले काम. संस्थेने खासगी रानांचे मालक व गावे यांच्याशी जंगल न तोडण्याचे करार केले आणि त्याचा मोबदला दिला. बेहड्याची जुनी झाडे सरपणासाठी तुटत होती. त्यांची फळे योग्य पद्धतीने वेचणे, वाळवणे व प्रतवारी करणे गावकऱ्यांना शिकवले गेले, आणि फेअरवाइल्ड प्रमाणनामुळे त्यांना परदेशी बाजारात भाव मिळाला. अशा जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो. फळाला किंमत आली तसे झाड राहिले आणि ढोलीही राहिली. ताम्हिणी परिसरातील कातकरी, धनगर व महादेव कोळी वस्त्यांसाठी हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.

रोपवाटिका हे प्रशिक्षणाचे दुसरे अंग. येथील झाडांच्या बियांची माहिती नसेल तर लागवड फसते. जांभळाचे बी साठवता येत नाही, ते ताजेच पेरावे लागते. हिरड्याची आठळी कठीण असून सावकाश रुजते. अंजनी व पिसा भर उन्हात लावल्यास जळतात, त्यांना आधी सावली हवी. हे बारकावे टाळून गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावण्याचा सोपा मार्ग सह्याद्रीत पुष्कळ ठिकाणी पत्करला गेला. त्याने हिरवळ दिसते, देशी सदाहरित वन परतत नाही.

शिक्षण : पुण्यातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांच्या सहली येथे येतात.

कायदा व नोंदी : जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. वनहक्क कायदा, २००६ ने सामूहिक वनहक्काच्या जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. देवरायांची जमीन कोठे देवस्थानाच्या, कोठे वनखात्याच्या, तर कोठे महसूल खात्याच्या नावे असल्याने सीमेचे वाद होतात. राईची हद्द, तिच्यातील जुनी झाडे व वेली, आणि ती राखण्याचे गावाचे नियम हे सर्व जाणत्या वडीलधाऱ्यांच्या हयातीतच गावाच्या नोंदवहीत उतरवून घ्यावे. या परिसरात काम करू इच्छिणाऱ्या कोणत्याही संस्थेने रोपे लावण्याआधी हे करावे.