उंची वाढवणाऱ्या इंजेक्शनचा इतिहास
"डॉक्टर, मुलाची उंची वाढत नाही, इंजेक्शन देता का?" असं विचारण्याआधी हा इतिहास वाचा.

१९५८ मध्ये बोस्टनच्या डॉ. मॉरिस राबेन यांनी मृतांच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढलेलं ग्रोथ हार्मोन १७ वर्षांच्या एका मुलाला दिल्याचं नोंदवलं. त्याची उंची वाढली. पुढे हजारो मुलांना ते मिळालं. १९८५ मध्ये मात्र, ते घेतलेले काही तरुण क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या आजाराने दगावल्याचं कळलं. दूषित ग्रंथींतून तो पसरला होता. अमेरिकेने ते औषध थांबवलं. त्याच वर्षी जीवाणूंकडून बनवलेलं हार्मोन आलं आणि हा धोका टळला.

तरीही तपासणीत कारण सापडल्याशिवाय इंजेक्शनचा हट्ट धरू नका. आधी दर सहा महिन्यांनी उंची नोंदवा. डाळ, दूध, अंडी आणि पुरेशी झोप सांभाळा.