मुंबईचे दोन आकडे, हिंगोलीचे चार

पंधरा-वीस वर्षांपूर्वीची एखादी लग्नपत्रिका घरात असेल तर ती काढून पाहा. निमंत्रक हिंगोलीचे असतील तर दूरध्वनीपुढे ०२४५६ असे छापलेले दिसेल. मुंबईच्या मामांच्या नावापुढे मात्र नुसते ०२२. आता सुरुवातीचे शून्य दोघांनाही सारखेच. ‘मला गावाबाहेर बोलायचे आहे’ एवढीच ती यंत्राला दिलेली वर्दी. ते सोडले तर मुंबईला दोन आकडे आणि आपल्याला चार. मोठ्या गावाचा हा मान समजायचा काय?

मुंबईत टेलिफोन १८८२ मध्ये आला. तेव्हा जोडणी माणूस करी. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवायचा आणि वाट पाहत बसायचे. २६ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये थेट डायल करण्याची सोय झाली, आणि मधला माणूस गेला. माणसाला ‘मुंबई द्या’ म्हटले की कळते. यंत्राला आकडाच लागतो. म्हणून गावोगावी आकडे आले. दिल्लीला ११, मुंबईला २२, कोलकात्याला ३३, चेन्नईला ४४. तबकडीच्या फोनवर २ फिरवला की दोन ठोके पडत, शून्याला दहा. म्हणजे मुंबईच्या आकड्यांचे ठोके चार आणि हिंगोलीचे सतरा! तबकडी फिरवणाऱ्याचे बोट काय ते जाणे.

पण खरी गोष्ट हिशेबाची आहे. गावचे आकडे आणि घरचा नंबर मिळून दहा आकडे व्हायचे. मुंबईत घरे फार, म्हणून तिथे घरच्या नंबराला आठ आकडे लागले. गावासाठी दोनच उरले. हिंगोलीला घरचे सहा पुरले, म्हणून गावाला चार मिळाले. दोन या आकड्याने सुरू होणारे आठ आकडी नंबर एक कोटी होतात, सहा आकडी एक लाख. पुण्याचेच पाहा ना. पुणे आधी ०२१२ होते; शहर वाढले आणि ते ०२० झाले. गाव फुगले, आकडा आखडला.

आपल्या लांब आकड्यात मात्र थोडा इतिहास मावला आहे. वसमत ०२४५४, कळमनुरी ०२४५५, हिंगोली ०२४५६, आणि परभणी ०२४५२. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला. वाटणी झाली, पण आकड्यांनी आडनाव बदलले नाही. पैनगंगेपलीकडे वाशीमला मात्र ०७२५२. मराठवाडा ०२ मध्ये, विदर्भ ०७ मध्ये. शिक्षकांनी भूगोलाच्या तासाला हे आकडे नकाशावर मांडून पाहावेत. मुलांना नदीची रेघ आपोआप सापडेल.

मुंबईचा ०२२ ठाणे आणि नवी मुंबईपर्यंत पसरला. कल्याणला मात्र ०२५१. कामाच्या शोधात इकडून तिकडे गेलेल्या माणसाच्या दृष्टीने हे नुसते आकडे नव्हते. दर अंतरावर होते, आणि रात्री अकरानंतर ते चौथाईवर येत. म्हणून एस.टी.डी.च्या पिवळ्या पाटीखाली रात्री रांग लागे. आईची तब्येत विचारायची, पेरणी झाली का विचारायचे, आणि डोळा मीटरच्या लाल आकड्यांवर ठेवायचा. पलीकडे गावात फोन एकाच घरी. त्या घरचे पोर धावत जाऊन आईला बोलावून आणी, तोवरही मीटर पळतच असे. म्हणून शहाणा माणूस ‘दहा मिनिटांनी पुन्हा करतो’ म्हणून फोन ठेवून देई, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राही.