जेवणाची सुट्टी

आमच्या बेळगाव भागात वाटेत कोणी भेटले की मराठी माणूस "जेवलात का?" म्हणून विचारतो आणि कन्नड माणूस "ऊटा आतेन्री?" म्हणतो. काय जेवलात, हे कोणी विचारत नाही. वेळ झाली, पोटात काही पडले की नाही, एवढीच आस्था. पण वेळेवर जेवायला मिळावे म्हणून आपल्याच माणसांना एके काळी अर्ज करावा लागला होता, हे वर्गात सांगितले की मुले हसतात.

सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने निवेदन तयार झाले व त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर जखमी झालेल्याला वाऱ्यावर सोडू नये. यांतली रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, आणि ती आपल्या लक्षात राहिली, कारण आपणही ती उपभोगतो. दुपारच्या अर्ध्या तासाची आठवण कोणी ठेवत नाही. त्या काळी बऱ्याच गिरण्यांत जेवणासाठी इंजिन थांबत नसे. शेजारच्याला साचा सांभाळायला सांगायचे आणि कापसाच्या धुळीत बसून चार घास गिळायचे. १८९१ च्या कायद्याने पाळी नसलेल्या कारखान्यांत दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम पूर्ण बंद ठेवणे सक्तीचे केले.

सूर्यास्ताची मागणी मात्र हुकली. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि मावळणाऱ्या सूर्याला कोणी विचारीना. चौदा-चौदा तास काम होऊ लागले. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीत पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली. पुढे पाळ्या आल्या, आणि तिसरी पाळी मध्यरात्री सुरू होऊ लागली. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांच्या चुली त्या भोंग्याच्या तालावर पेटत.

माझे मामा एका गिरणीत तिसऱ्या पाळीला होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले ते मधुमेह घेऊनच. रात्री दोनला उठून स्वयंपाकघरात भाकरी शोधत. मामी चिडे. आम्ही पोरे त्याला मामांचा हावरटपणा समजत असू. त्यांचा आजार पाळीमुळेच झाला असे मी म्हणणार नाही. आमच्या आजोळी तो आधीपासून आहे. पण आज वाचताना त्या रात्री आठवतात. यकृत, स्वादुपिंड यांनाही स्वतःचे घड्याळ असते, आणि रात्री रक्तातली साखर हाताळण्याची शरीराची ताकद कमी असते, हे आता ठाऊक झाले आहे. या घड्याळामागची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. अमेरिकेतील परिचारिकांच्या नोंदींवरून २०११ मध्ये दिसले, की फिरत्या रात्रपाळीची वर्षे वाढतात तसा मधुमेहाचा धोकाही वाढतो. फ्रान्समध्ये लाखाहून अधिक लोकांच्या नोंदी पाहता, सकाळी आठच्या आत खाणाऱ्यांपेक्षा नऊनंतर पहिला घास घेणाऱ्यांत मधुमेह अधिक आढळला. हे २०२३ चे.

अर्थात सोबत आढळले म्हणजे कारण सापडले असे नव्हे. २०२२ मध्ये चीनमध्ये १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला. सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाणाऱ्यांना, तेवढेच मोजून पण वेळेचे बंधन न पाळता खाणाऱ्यांपेक्षा वजनात विशेष लाभ झाला नाही. तेव्हा संध्याकाळी सातला जेवून वर चार लाडू हाणणाऱ्या आमच्यासारख्यांनी फार फुशारू नये!

माझा भाचा बंगळूरला अमेरिकेच्या घड्याळावर नोकरी करतो. रात्री दीड ते दोन जेवणाची सुट्टी, असे त्याच्या नेमणूकपत्रात छापलेले आहे. दुपारी आई फोनवर "जेवलास का?" म्हणते, तेव्हा तो नुकता उठलेला असतो.