कुंपण नसलेली अंगणे

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस समुद्रात दूरवर पसरलेल्या लाँग आयलंड नामक बेटावर, हेम्पस्टेडच्या सपाट माळरानात, दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीपर्यंत बटाट्याची शेते होती. १९४१ साली त्या भागातील पिकात सोनेरी सूत्रकृमीची कीड आढळली, आणि जमिनी विकून टाकण्याकडे शेतकऱ्यांचे मन हळूहळू वळू लागले. त्या विकत घेणाऱ्यांत एब्रहॅम लेव्हिट हे वकील आणि त्यांचे विल्यम व आल्फ्रेड हे दोन पुत्र अग्रेसर होते. १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी भाड्याची दोन हजार घरे बांधण्याची तजवीज जाहीर केली, १ ऑक्टोबरला पहिली तीनशे कुटुंबे राहावयास आली, आणि १९५१ अखेर त्या माळावर १७,४४७ घरांची वसाहत उभी राहिली. ‘लेव्हिटटाउन’ या नावाने ती प्रसिद्धीस आली, आणि तिचाच नमुना पुढे पेन्सिल्व्हेनियात, न्यू जर्सीत व थोड्याबहुत फरकाने अवघ्या देशात गिरवला गेला.

१९४६ ते १९६४ या अवधीत अमेरिकेत सुमारे साडेसात कोटी मुले जन्मास आली. त्यांतील जी मुले साठच्या दशकात अशा उपनगरांत वाढली ती आज वार्धक्याच्या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे आहेत, आणि आपल्या बालपणाविषयी ती जे बोलतात व लिहितात त्यात एक विलक्षण एकवाक्यता आढळते. उन्हाळ्याच्या सुटीत न्याहारी आटोपली की जाळीचे दार आपटून जे बाहेर पडावे ते रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत घरी परतू नये. कोण कोणाच्या परसात खेळत आहे याची चौकशी कोणी करू नये. तहान लागली तर ज्या घराच्या अंगणात असू त्याच घरच्या रबरी नळीला तोंड लावावे. दुपारी ‘गुड ह्यूमर’ आइस्क्रीमच्या पांढऱ्या गाडीची घंटा वाजली की मूठभर नाणी घेऊन सर्वांनी एकदम धावत सुटावे. १९६३ नंतर तर उंच दांड्याची व लांबट बैठकीची ‘स्टिंग-रे’ सायकल ज्याच्यापाशी असेल तो गल्लीचा राजाच. जरा मोठ्या मुलाने दुपारी घरोघर वर्तमानपत्रे टाकावी आणि महिन्याकाठी स्वतः दारोदार जाऊन वर्गणी वसूल करावी. व्यवहाराचा पहिला धडा त्याला तेथेच मिळे.

या आठवणींना स्वप्नरंजन म्हणून हसण्यावारी नेणे मला मान्य नाही. इतकी माणसे, एकमेकांस न भेटता, एकच गोष्ट सांगत असतील तर ती साक्ष म्हणून नोंदवून घेतली पाहिजे. परंतु साक्षीदाराने जे पाहिले तेवढेच तो सांगतो. आठ वर्षांच्या मुलाला ती अंगणे, ते रस्ते आणि तो मोकळेपणा सूर्यप्रकाशासारखा निसर्गदत्त वाटला. वस्तुतः त्यातील प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या सरकारी दफ्तरात, कर्जरोख्यात किंवा भाडेपट्ट्यात आधी लिहिली गेली होती. तो कागद त्या आठवणीशेजारी ठेवल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही.

१९३४ साली स्थापन झालेल्या संघराज्याच्या गृहनिर्माण खात्याने घरांसाठी सावकारांनी दिलेल्या कर्जांची हमी पत्करली, आणि १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकास तशीच सवलत दिली. तोवर घर घ्यावयाचे तर किमतीचा मोठा हिस्सा रोख भरावा लागे व उरलेले कर्ज अल्प मुदतीत फेडावे लागे. आता मुदत तीस वर्षांपर्यंत लांबली, आणि सैनिकास पुष्कळदा हाती काही नसतानाही घराचा ताबा मिळू लागला. १९४९ सालचे लेव्हिटचे नवे घर ७,९९० डॉलरला मिळे व त्याचा मासिक हप्ता साठ डॉलरच्या आत बसे. घरे स्वस्त होण्याचे दुसरे कारण बांधणीच्या पद्धतीत होते. कारखान्यात वस्तू सरकते आणि कामगार जागच्या जागी राहतो. येथे घर जागच्या जागी राही आणि कामगारांच्या टोळ्या घरामागून घर पुढे सरकत. संपूर्ण काम सत्तावीस टप्प्यांत विभागलेले असे, तळघर खणण्याऐवजी जमिनीवरच काँक्रीटचा थर ओतून त्यात उष्ण पाण्याच्या तांब्याच्या नळ्या पुरल्या जात, आणि भर हंगामात एका दिवसात तीसहून अधिक घरे पुरी होत. साडेसातशे चौरस फुटांच्या त्या घरात दोनच निजण्याच्या खोल्या, पण स्वयंपाकघरात धुलाईयंत्र, आणि १९५० च्या नमुन्यात तर दूरचित्रवाणीचा संच भिंतीतच बसवलेला.

ही घरे ज्या अटींवर दिली गेली त्या वाचण्यासारख्या आहेत. १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर या काळात आठवड्यातून एकदा तरी हिरवळ कापलीच पाहिजे. रविवारी व सणाच्या दिवशी ओले कपडे बाहेर वाळत घालता कामा नयेत. आणि दोन घरांमध्ये कुंपण घालण्यास सक्त मनाई. एब्रहॅम लेव्हिट यांना बागाईताचा मनस्वी नाद होता. प्रत्येक अंगणात त्यांनी फळझाडे लावविली, आणि हिरवळीचा अखंड पट्टा घरामागून घर ओलांडीत जावा असा त्यांचा हेतू होता. हेतू शोभेचा होता, परंतु त्याचे फळ मुलांच्या पदरात पडले. एका घरच्या परसातून निघालेले पोर कोणाच्याही फाटकाला हात न लावता दहाव्या घरी पोहोचू शके. ज्या स्वैर संचाराची आज इतक्या हळवेपणाने आठवण काढली जाते, तो एका मनाई-हुकुमाने शक्य केला होता.

आणि त्याच वसाहतीच्या प्रारंभीच्या भाडेपट्ट्यात पंचविसावे कलम होते. गोऱ्या वंशाखेरीज अन्य कोणासही या जागेत राहू देणार नाही, घरकामास ठेवलेल्या नोकरांचा मात्र अपवाद, असे त्या कलमान्वये भाडेकरूने लिहून द्यावयाचे असे. हे एका बिल्डराच्या मनातले किल्मिष नव्हते. गृहनिर्माण खात्याच्या नियमपुस्तकातच अशा निर्बंधांची शिफारस होती. कृष्णवर्णीयांच्या मोहल्ल्यांजवळची कर्जे धोक्याची मानली जात व त्यांना सरकारी हमी नाकारली जाई. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे वर्णनिर्बंध न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत असा निवाडा दिला, तेव्हा कागदावरून ते कलम गेले. परंतु वहिवाट तीच राहिली. विल्यम लेव्हिट स्वतः ज्यू होते, तरी घरांचा प्रश्न सोडवता येईल किंवा वर्णाचा, दोन्ही एकत्र नव्हेत, अशी भूमिका त्यांनी उघडपणे घेतली. ज्या सैनिकाने युरोपात किंवा पॅसिफिकमध्ये तीच लढाई लढली होती, त्याला केवळ कातडीच्या रंगापायी त्या अंगणांत पाऊल ठेवता आले नाही, ही गोष्ट कितीही वेळा लिहिली तरी लेखणी तेथे थबकते.

१९५७ च्या ऑगस्ट महिन्यात विल्यम व डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य आपल्या तीन लेकरांसह पेन्सिल्व्हेनियातील लेव्हिटटाउनमध्ये डीपग्रीन लेन या गल्लीतील घरात राहावयास आले. घर त्यांनी पूर्वीच्या मालकाकडून रीतसर खरेदी केले होते. विल्यम सैन्यात नोकरी करून आलेले, धाकटी मुलगी नुकती जन्मलेली. बातमी गल्लोगल्ली पसरताच संध्याकाळी शेकडोंचा जमाव घरासमोर जमला, खिडक्यांवर दगड आले, आणि हा प्रकार रात्रीमागून रात्र चालू राहिला. स्थानिक पोलिसांचा बंदोबस्त अपुरा पडला तेव्हा राज्याच्या पोलिसांना पाचारण करावे लागले. मायर्स यांच्या परसामागील रिकामे घर विरोधकांनी आपला अड्डा केले व त्यावर दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचे निशाण फडकवले. अखेर राज्याच्या महाधिवक्त्याने न्यायालयातून मनाई-हुकूम मिळवून हा छळ थांबवला. या सर्व काळात शेजारचे वेक्सलर हे ज्यू कुटुंब मायर्स यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि आणखीही काही शेजाऱ्यांनी घर सावरण्यास हात लावला. त्यांचाही उल्लेख झाला पाहिजे, कारण वसाहत म्हणजे केवळ तो जमाव नव्हता. मायर्स कुटुंब पळाले नाही. पुढे १९९९ साली त्या नगराच्या महापौराने डेझी मायर्स यांना सन्मानाने बोलावून जाहीर क्षमा मागितली.

मुलांच्या मोकळेपणाची दुसरी किंमत त्यांच्या मातांनी मोजली. गल्लीत मुले निर्धास्त फिरत, कारण प्रत्येक खिडकीमागे कोणी ना कोणी आई होती. बहुतेक घरी मोटार एक, ती घेऊन पुरुष सकाळी शहराकडे गेला की त्या विस्तीर्ण वसाहतीत, जेथे दुकानही पायी जाण्याच्या अंतरावर असेलच असे नाही, शिकलेल्या स्त्रिया दिवसभर स्वयंपाकघर आणि परस यांच्या दरम्यान उरत. न्यूयॉर्कच्या उपनगरातच राहणाऱ्या बेटी फ्रीडन यांनी १९६३ साली ‘द फेमिनिन मिस्टीक’ हे पुस्तक लिहून या मूक असमाधानाला वाचा फोडली. त्यांचे चित्रण सुखवस्तू, गोऱ्या स्त्रियांपुरते होते हा आक्षेप रास्त आहे; पण या वसाहतींपुरते बोलावयाचे तर ते नेमके येथलेच होते.

भयही त्या बालपणात होते, जरी आठवणींत ते मागे पडते. १९५५ साली सॉल्क यांची लस यशस्वी ठरण्यापूर्वी पोलिओच्या धास्तीने उन्हाळ्यात पोहण्याचे तलाव बंद ठेवले जात; साठच्या दशकातील मुलांनी सेबिन यांची लस साखरेच्या खड्यावरून चाटली आणि तीच मुले वसाहतीच्या तलावांत निर्धास्तपणे डुंबली. हे सुख निर्भेळ होते. उलट डासांच्या नायनाटासाठी डीडीटीचा धूर सोडीत जाणाऱ्या गाड्यांमागून त्या पांढऱ्या ढगात मुले सायकली दामटीत, आणि कोणी त्यांना हटकत नसे. १९५७ साली लाँग आयलंडवर विमानांतून डीडीटी फवारले गेले तेव्हा तेथील काही रहिवाशांनी सरकारविरुद्ध दावा लावला. तो ते हरले, पण त्या खटल्याची कागदपत्रे रेचेल कार्सन यांच्या हाती पडली आणि १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथास त्यांचा आधार मिळाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या कड्यावर आले, आणि बाकाखाली डोके झाकून बसण्याची शाळेतली कवायत एकाएकी खरी वाटू लागली.

विद्वानांनी या वसाहतींवर त्या काळीच कडाडून टीका केली. लुईस ममफर्ड यांना १९६१ साली तेथे एकसारखी घरे आणि एकसारखी माणसे दिसली. माल्व्हिना रेनॉल्ड्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरउतारावरील तशाच घरांवर गीत रचले. परंतु हर्बर्ट गॅन्स हे समाजशास्त्रज्ञ न्यू जर्सीच्या लेव्हिटटाउनमध्ये घर घेऊन दोन वर्षे राहिले, आणि १९६७ साली त्यांनी लिहिले ते निराळेच होते: रहिवासी एका साच्यातले नव्हते, बहुतेकांना आपले नवे आयुष्य पूर्वीच्या खोल्यांहून अधिक समाधानाचे वाटत होते. दुरून पाहणाऱ्यापेक्षा तेथे बिऱ्हाड करणाऱ्याचा शब्द मला अधिक वजनाचा वाटतो. आणि ज्या गोष्टीचा मोह आहे ती चांगली होती म्हणूनच कृष्णवर्णीयांना ती नाकारली जाणे अन्यायाचे होते.

त्या दशकाच्या अंती, १ डिसेंबर १९६९ च्या रात्री, काचेच्या भांड्यातून जन्मतारखा लिहिलेल्या निळ्या कुप्या एकेक करून काढण्यात आल्या, आणि व्हिएतनामला कोणी जावयाचे याचा क्रम दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या कुटुंबांना कळला. परसातून परसात धावणारी मुले त्या एका रात्रीत सैन्याच्या यादीतली नावे झाली. पुढल्याच वर्षीच्या शिरगणतीत असे आढळले की देशात शहरांपेक्षा आणि खेड्यांपेक्षाही उपनगरांत राहणारी माणसे अधिक झाली आहेत.

याच सुमारास आपली माणसे तेथे पोहोचू लागली. १९४६ च्या कायद्याप्रमाणे हिंदुस्थानच्या वाट्यास वर्षाकाठी जेमतेम शंभर परवाने येत; ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली आणि पुण्या-मुंबईच्या इंजिनिअर-डॉक्टरांना वाट खुली झाली. प्रथम शहरातली भाड्याची खोली, मग नोकरी स्थिरावली की उपनगरातले घर, हिरवळ कापण्याचे यंत्र, आणि शनिवार-रविवारी शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन साजरा केलेला गणेशोत्सव, असा त्यांचा क्रम राहिला. त्यांच्या मुलांनीही सायकली दामटल्या, त्यांच्याही बालपणाच्या आठवणी आज लिहिल्या जात आहेत. त्यांच्या आईवडिलांनी खरेदीखतावर सही केली तेव्हा वर्णावरून घर नाकारणे बेकायदेशीर ठरले होते, निदान कागदावर तरी. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन आठवडा उलटला असता, ११ एप्रिल १९६८ रोजी, तो कायदा मंजूर झाला, आणि डीपग्रीन लेनमधील त्या घरावर दगड पडल्याला तेव्हा पुरती अकरा वर्षेही झाली नव्हती.