जुन्या मोटारसायकलचे 'स्टार्टिंग' आणि दोषनिदानाची परंपरा : बुलेटच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोध व संशोधक यांच्या नोंदी विपुल आढळतात. परंतु यंत्र अडून बसल्यावर त्याचा दोष कसा शोधला जाई, याची नोंद अभावानेच होते. मोटारसायकल सुरू करण्याची पद्धत बदलत गेली, तसे दोषनिदानही कसे बदलले, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सेल्फ स्टार्टचा उगम

मोटारगाडीत विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक कंपनीने आणला. त्यामागे चार्ल्स केटरिंग यांचे संशोधन होते. १९१४ मध्ये अमेरिकेतील 'इंडियन' मोटारसायकलच्या 'हेंडी स्पेशल' या मॉडेलवर हा प्रयोग झाला. परंतु तत्कालीन बॅटऱ्यांना तो भार पेलवला नाही व मॉडेल एका वर्षातच मागे पडले. १९६९ च्या होंडा सीबी ७५० मध्ये सेल्फ होता, तरी किकही कायम होती. सेल्फचे दुखणे प्रथम बॅटरीत शोधावे, हा आजच्या कारागिराचा नियम १९१४ च्या या अपयशाशी सुसंगत आहे.

बुलेट : काट्यावरून निदान

१९५५ मध्ये मद्रास मोटर्स व इंग्लंडमधील रॉयल एन्फिल्ड यांच्या सहकार्यातून 'एन्फिल्ड इंडिया'ची स्थापना झाली. पॉइंट असलेल्या जुन्या बुलेटवरील अँपिअर मीटर हे निदानाचेच साधन होते. चावी फिरवून किक हळूहळू दाबली असता, पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो आणि पॉइंट उघडताच मध्यावर येतो. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाजवळ आल्याची ती खूण होय. मग डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवावयाचा व नंतर पूर्ण किक मारावयाची. हा क्रम चुकल्यास किक उलटी बसे.

हाच काटा दोषही सांगे. काटा मुळीच हलला नाही, तर बॅटरी, फ्यूज, वायर किंवा मळलेले पॉइंट तपासावेत. तो डिस्चार्जवरच अडकून राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कोठेतरी शॉर्ट आहे. काट्याची हालचाल ठीक असूनही गाडी सुरू न झाल्यास प्लगचा करंट व त्यानंतर पेट्रोलचा पुरवठा पाहावा.

सेल्फ : आवाजावरून निदान

सेल्फमध्ये हे काम कानाकडे आले. बटण दाबताच 'टकटक' असा सलग आवाज येऊन दिवा मंदावला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल वा गंजलेले आहे. दिवा प्रखर राहून एकच 'टक' झाली, तर रिलेचे संपर्क अथवा मोटरचे कार्बन ब्रश संशयास्पद ठरतात. आवाजच नसेल, तर फ्यूज, बटण, तसेच क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच पाहावा. मोटर नुसतीच फिरून इंजिन फिरत नसल्यास एकदिशा क्लच घसरतो आहे, असे समजावे. स्थिर अवस्थेतील चांगली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. बटण दाबल्यावर हा आकडा दहाच्या बराच खाली घसरल्यास मोटर उघडण्यापूर्वी बॅटरीचीच तपासणी करावी.

निष्कर्ष

२०२० मध्ये आलेल्या रॉयल एन्फिल्ड मिटिऑर ३५० ला किक देण्यातच आली नाही. सेल्फमुळे वृद्ध, अशक्त व अपंग व्यक्तींनाही मोटारसायकल सुलभ झाली, हा लाभ नाकारता येत नाही. मात्र बॅटरी उतरल्यावर चालकाच्या हाती असलेला पर्याय त्यामुळे संपला आणि निदानाचे ज्ञान चालकाकडून कारागिराकडे, तेथून संगणकीय उपकरणाकडे सरकले. काटा वाचणारे व आवाज ओळखणारे कारागीर आज वयोवृद्ध होत आहेत. त्यांचे ज्ञान बहुतांशी मौखिक असल्याने ते त्यांच्याबरोबर नष्ट होण्याचा धोका आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या गावातील गॅरेजमधील अशा मुलाखती ध्वनिमुद्रित करून जतन केल्यास स्थानिक इतिहासलेखनास एक दुर्लक्षित साधन उपलब्ध होईल.